ठासणीची की काडतुशी? दोन्ही!

आमच्या कुडाळकडच्या गावात बंदुकीचे दोनच प्रकार. ठासणीची आणि काडतुशी. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे सोडायचे आणि गजाने ठासायचं. काडतुशी म्हणजे मागून उघडायची, काडतूस सरकवायचं, बंद करायची. आजोबांकडे शेतसंरक्षण परवान्यावरची ठासणीची होती. रानडुकरांना आवाज ऐकवणं हे तिचं मुख्य काम, आणि निवडणुका लागल्या की पोलीस ठाण्यात जमा होऊन बसणं हे दुसरं.

तर बंदूक एक तर ही असते नाही तर ती, अशी माझी पक्की समजूत. ती मोडली ओहायोत, नेमबाजीच्या एका मैदानावर. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. समोर लाकडी स्टँडवर लांब, जाड, अष्टकोनी नळीची रायफल उभी केलेली. त्यांनी नळीच्या तोंडावर पोलादाचं अंगठ्याएवढं टोपण बसवलं, त्यात शिशाची गोळी ठेवली आणि गजाने अगदी सावकाश ती खाली ढकलत नेली. मी मनात म्हटलं, ठासणीची. मग त्यांनी टोपण काढून बाजूला ठेवलं, रायफल आडवी घेतली, खालची तरफ ओढली. मागचा पोलादी ठोकळा खाली सरकला आणि त्यांनी मागून पितळी काडतूस आत घातलं. काडतुसात दारू होती, पण गोळी नव्हती. गोळी आधीच आत जाऊन बसली होती, पुढच्या दाराने.

एकाच बंदुकीला दोन्हीकडून कशाला भरायचं? या एका प्रश्नाने मला या जुन्या एकबारी रायफलींच्या नादाला लावलं. एकबारी म्हणजे एका वेळी एकच बार. आत साठा नाही, दुसरी गोळी आपोआप वर येत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. १८७४. आयर्लंडच्या नेमबाजांनी आदल्या वर्षी विंबल्डनला इंग्लंड-स्कॉटलंडला हरवून एल्को शील्ड जिंकली होती, आणि आता त्यांनी अमेरिकेला आव्हान दिलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाचं मैदान जेमतेम वर्षभरापूर्वी सुरू झालं होतं. संघात सहा-सहा जण, अंतरं ८००, ९०० आणि १,००० यार्ड. प्रत्येकाने प्रत्येक अंतरावरून पंधरा गोळ्या झाडायच्या, अचूक नेमाला ४ गुण. आयरिश मंडळी डब्लिनच्या रिग्बीच्या ठासणीच्या रायफली घेऊन आली. अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्सच्या, मागून भरायच्या. त्या काळातल्या जाणत्यांचं मत साफ होतं: अचूकपणा हवा तर ठासणीची, मागून भरायच्या बंदुका सैनिकांसाठी आणि शिकाऱ्यांसाठी.

२६ सप्टेंबरला निकाल लागला. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. फरक तीन गुणांचा, आणि आयर्लंडच्या मिल्नरने झाडलेली एक गोळी शेजारच्या लक्ष्याच्या बरोब्बर मधोमध लागलेली! ते चार गुण धरले असते तर ९३५. शेवटची गोळी अमेरिकेच्या जॉन बोडाइनची होती. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली हातात फुटून त्याचा हात कापला होता. रुमाल गुंडाळलेल्या हाताने त्याने हजार यार्डांवर नेम साधला. याच संघात लुइस हेपबर्न होता, रेमिंग्टनच्या कारखान्यातला माणूस. ज्या रायफलींनी सामना जिंकला त्या घडवण्यात त्याचा हात होता. स्वयंपाक्यानेच पंगतीला बसावं तसं.

क्रीडमूरने मागून भरायच्या एकबारी रायफलीला इभ्रत मिळवून दिली. पण मला भुरळ पडली ती पुढच्या प्रकरणाची. ते घडलं जर्मन वस्त्यांमध्ये.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून आणि स्वित्झर्लंडमधून लाखो लोक अमेरिकेत आले, आणि येताना आपली नेमबाजीची मंडळं घेऊन आले. शूट्झेन म्हणजे नेमबाज. जिथे जर्मन वस्ती, तिथे शूट्झेन पार्क: नेमबाजीचं मैदान, बँड, बिअर, बायकापोरांसकट दिवसभराचा मेळा. लाकडाचा गरुड उंच खांबावर लावून त्याचे तुकडे पाडायचे आणि शेवटचा तुकडा पाडणाऱ्याला वर्षभराचा राजा करायचं, हा तिथला मोठा सोहळा. कडक शिस्त आणि मनसोक्त खाणंपिणं एकाच दिवशी जमवायचं, ही कला आपल्याकडच्या जत्रांनाही ठाऊक आहे.

मुख्य स्पर्धा मात्र एकच. दोनशे यार्डांवर, उभ्याने, कशाचाही टेकू न घेता. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला. बावीस लुगडी एकापुढे एक अंथरली की जवळजवळ दोनशे वार भरतात. तिथे लक्ष्यावर वर्तुळं आखलेली. सगळ्यात आतलं वर्तुळ दीड इंच व्यासाचं, त्याला २५ गुण. बाहेरचं प्रत्येक वर्तुळ व्यासाने दीड इंच मोठं आणि एका गुणाने स्वस्त. बारा इंचांचा काळा भाग संपतो तिथे १८ गुण. आता उभे राहा, सहा-सात किलोची रायफल खांद्याला लावा आणि लुगड्यांच्या त्या टोकाला असलेल्या लिंबाएवढ्या ठिपक्यावर नेम धरा. श्वास हलतो, नाडी उडते, वारा ढकलतो. या माणसांनी पन्नास वर्षं या एकाच कामासाठी बंदूक घासूनपुसून काढली. शिकारीला ती नको होती, लढाईला नको होती. म्हणूनच ती इतकी विचित्र दिसते.

कुंद्याचं, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडाचं, टोक बघा. त्याला दोन शिंगं असतात. एक बगलेखाली, एक खांद्यावर, म्हणजे रायफल घसरत नाही. पुढच्या हातासाठी नळीखाली लाकडी मूठ लोंबते. तिच्यामुळे कोपर बरगडीवर टेकवून हाडांवर वजन तोलता येतं, स्नायू थकत नाहीत. चाप दोन. मागचा ओढला की आतली कळ ताणली जाते, आणि मग पुढच्याला बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी बार सुटतो. मागच्या बाजूला उभ्या पट्टीवर बारीक भोक असलेली तबकडी, ती स्क्रूने केसागणिक वर-खाली होते. पुढे माशी, म्हणजे नेम धरायची खूण, पण आपल्याकडच्या बंदुकीसारखी उघडी नाही, छोट्या नळकांड्यात बसवलेली. भोकातून नळकांडं, नळकांड्यातून काळा ठिपका. वर्तुळात वर्तुळ बसवायला डोळ्याला कष्ट पडत नाहीत.

आता मूळ प्रश्न. गोळी पुढून का?

रायफलीच्या नळीत पिळाचे आटे, म्हणजे आतून कोरलेल्या खाचा, असतात. ते गोळीला फिरवतात, आणि फिरती गोळी भोवऱ्यासारखी सरळ राहते. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे की गोळीचं टोक थोडं बिघडलं तर फारसं अडत नाही. अडतं ते बुडाशी. भाताच्या पातेल्यावर झाकण एका बाजूला जरासं वाकडं असलं की सगळी वाफ तिथूनच फुसफुसते आणि झाकण त्या बाजूने उचललं जातं. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी तिच्या मागे धुमसता वायू असतो. बूड सगळीकडून सारखं असेल तर वायू चारी बाजूंनी सारखा सुटतो. बुडाच्या काठाला एक बारीक कुसळ असलं तरी तो एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. दोनशे वारांवर हा धक्का दोन-तीन इंचांनी दिसतो.

मागून भरलेली गोळी दारूच्या दाबाने आट्यांमध्ये घुसते तेव्हा खरवडलेलं शिसं मागे, बुडाकडे ओढलं जातं. कुसळं तयार. तीच गोळी तोंडातून, बूड आधी, अशी ढकलत नेली तर खरवडलेलं शिसं टोकाकडे जातं. बूड कोरं करकरीत. शिवाय काळ्या दारूचा जो चिकट काजळीचा थर आधीच्या बारानंतर नळीत बसतो, तोही गोळी खाली जाताना आपल्याबरोबर पुसत नेते. दर वेळी नळी तशीच, गोळी तशीच. मागून काडतूस कशाला? कारण दारू नेमकी मोजून, दाबून, दर वेळी सारखीच जागेवर आणायला पितळी टोपीइतकं सोयीचं काही नाही. कित्येक नेमबाज अख्ख्या स्पर्धेत एकच पितळी काडतूस पुन्हापुन्हा भरून वापरत, कारण दोन काडतुसं कधीच हुबेहूब सारखी नसतात.

एकबारी का, याचंही उत्तर यातच आलं. अशा माणसाला दुसरी गोळी झटपट नकोच असते. त्याला आधीसारखीच गोळी हवी असते.

आणि ते पोलादी टोपण? त्याला फॉल्स मझल म्हणतात, खोटं तोंड म्हणू. ते वेगळं बनवून बसवलेलं नसतं. नळीचाच पुढचा तुकडा कापतात, चार बारीक खुंट्यांनी पुन्हा जागेवर बसवतात, आणि मग दोन्हींमधून एकदमच आटे पाडतात. म्हणजे आटा टोपणातून नळीत न तुटता जातो. मग टोपणाचं तोंड आतून किंचित पसरट करतात, गोळी अलगद सुरू व्हावी म्हणून. नळीच्या खऱ्या तोंडाला गजाचा ओरखडाही लागत नाही. बार काढण्याआधी टोपण काढायचं विसरलात तर? ते गोळीबरोबर उडून गवतात जाईल आणि पुन्हा सापडायचं नाही. म्हणून त्याच्या डोक्यावर एक उभी पट्टी असते. टोपण जागेवर असेल तर ती नेमाच्या रेषेत आडवी येते, समोरचं काही दिसतच नाही. विसराळू माणसाची इतकी साधी आणि इतकी सभ्य काळजी मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेली नाही.

हे सगळं टोकाला नेलं ते हॅरी पोपने. १८६१ चा जन्म, एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. काकाच्या सायकलींच्या कंपनीत नोकरी आणि फावल्या वेळात हार्टफर्डमध्ये रायफलीच्या नळ्या. त्याच्या नळीत आठ आटे, डावीकडे वळणारे, आणि पीळ सुरुवातीला सैल, तोंडाकडे घट्ट होत जाणारा. १९०१ साली कोलोरॅडोत रोलंड नावाच्या नेमबाजाने पोपची नळी बाकावर टेकवून दोनशे यार्डांवर दहा गोळ्या झाडल्या. भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर सगळी पाऊण इंचाच्या आत. दहा रुपयांचं नाणं ठेवलं तर दहाही भोकं जेमतेम झाकली जातील.

पोप पुढे स्टीव्हन्स कंपनीत गेला, मग १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला स्वतःचं दुकान थाटलं. काही दिवसांतच, १८ एप्रिलला, तिथला तो प्रसिद्ध भूकंप झाला आणि दुकान गेलं. शेवटी जर्सी सिटीत त्याने बस्तान बसवलं आणि १९५० मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं ताटकळायचं. चांगला शिंपी आणि चांगला सोनार वेळेवर काम देत नाही, हा नियम तिकडेही लागू आहे.

शूट्झेन मंडळांचा शेवट मात्र नेमबाजीमुळे झाला नाही. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि जर्मन नाव, जर्मन गाणी, जर्मन मंडळं या सगळ्यांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. त्याआधीच लष्करी रायफलींच्या स्पर्धा जोरात आल्या होत्या. उद्यानांच्या जागा गेल्या, रायफली माळ्यावर गेल्या. नाद पुन्हा पेटला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४८ मध्ये अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशन स्थापन झाली. आजही इंडियानातल्या एटना ग्रीनला तिच्या सदस्यांच्या स्पर्धा भरतात आणि तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या रायफली अजून काम करताना दिसतात.

आता जमवायच्या कशा? नावं थोडकी आहेत. बॅलार्ड, जी शेवटच्या काळात मार्लिन बनवत असे. स्टीव्हन्सची ४४ आणि तिच्यापेक्षा मजबूत ४४½. शार्प्स, रेमिंग्टन-हेपबर्न. आणि विंचेस्टरची १८८५ ची. तिची गोष्ट छान आहे: युटातल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगने विशी ओलांडल्यावर लगेच ती रचली, १८७९ ला पेटंट घेतलं आणि भावांबरोबर हाताने बनवून विकत होता. १८८३ मध्ये विंचेस्टरचा माणूस थेट ऑग्डेनला गेला आणि ८,००० डॉलरना हक्क घेऊन आला. पुढे सुमारे १ लाख ४० हजार बनल्या. म्हणजे दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती न छेडलेली.

इथे नवा माणूस हमखास फसतो, मीही फसलो. पहिली रायफल घेतली ती चकचकीत होती. आरशासारखी. विक्रेत्याने अभिमानाने सांगितलं की पॉलिश करून नवी केली आहे. घरी आणून एका जाणकाराला दाखवली. त्यांनी एकदाच हात फिरवला आणि विचारलं, "अक्षरं कुठे गेली?" घासताना नळीवरच्या कोरीव अक्षरांच्या कडा गोल झाल्या होत्या, स्क्रूच्या खाचा फाकल्या होत्या. मूळ पोलादावर हाडांच्या कोळशात भाजून आणलेला निळा-तपकिरी ढगाळ रंग असतो, तो पार गेला होता. दिलेल्या पैशांपैकी निम्मे त्या चकाकीत गेले. जुन्या तांब्याच्या घंगाळाला कोकम लावून घासणं वेगळं. इथे डाग हीच सही असते.

म्हणून बघायचं ते असं. बाहेरून कळकट चालेल, पण आतून नळी? काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते, आणि बार काढून झाल्यावर पाण्याने धुतली नाही तर रात्रभरात गंज धरतो. (हो, पाण्याने. साबणाच्या गरम पाण्याने. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही चमकलो, पण आजोबाही नळीत गरम पाणीच ओतायचे.) आत खड्डे पडले असतील तर कोणी नवी आतली नळी बसवलेली आहे का, तेही पाहायचं, नेमबाजाला ती चालते, संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. क्रमांक जुळतात का ते पाहायचं. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या आहेत. क्रमांक कळवला की बऱ्याच रायफलींबद्दल पत्र मिळतं: कुठल्या नळीसह, कुठल्या चापासह, कधी बाहेर पडली.

झाडायची असेल तर बंदुकीच्या कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय चाप ओढू नये. नळीत मऊ शिशाचा गोळा हलकेच ढकलून तिचं खरं माप घेतात, कारण नळीवर कोरलेला आकडा आणि आतला आकडा यांचं जमतंच असं नाही. दुकानातल्या आधुनिक धूरविरहित दारूच्या काडतुसाला तर हातच लावू नये. १८८५ चं पोलाद आजचा दाब सोसेलच असं नाही. गोळी घरीच ओततात, वीस ते तीस भाग शिशाला एक भाग कथील, आणि ओतलेल्यांपैकी बऱ्याच पुन्हा भांड्यात जातात. बुडाचा काठ बोटाने चाचपून.

इथवर वाचून कोणाला भारतात एखादी आणायची इच्छा झाली असेल तर ती आवरावी. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्यात पुरातन वस्तू धरली जाते. राज्याराज्यांचे नियम वेगळे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात नुसत्या जुनेपणाला माफी नाही. दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशी जुनी वस्तू असेल तरच परवान्यातून सुटते. चालू स्थितीतली असेल तर ती बंदूकच. त्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाने आलेलीही त्यातच मोजतात. आजोबांची ठासणीची आम्ही रीतसर जमा केली.

तरीही या जर्मन मेळ्यांच्या काळातली एक वस्तू महाराष्ट्रात रोज वापरली जाते. १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल नावाचं छोटं काडतूस काढलं. हीच ती कंपनी, जिच्यासाठी पुढे पोपने नळ्या केल्या. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, ते याच काडतुसावर. रायफल एकबारी, दर वेळी हाताने एक गोळी भरायची. कुंद्याच्या टोकाला आकडा, मागे बारीक भोकाची तबकडी, पुढे नळकांड्यातली माशी. टीव्हीवर तो उभ्याने नेम धरत होता आणि कोपर बरगडीला टेकलेलं होतं. मी ओरडलो ते पदकाच्या आधीच.

एक गोष्ट राहिली. चार वर्षांपूर्वी एका बंदूक-मेळाव्यात, किरकोळ सामानाच्या टेबलावर, मला खोटं तोंड मिळालं. नुसतंच. विकणाऱ्याला वाटत होतं तो कागदांवर ठेवायचा वजनाचा ठोकळा आहे. चार खुंट्या शाबूत, वरची उभी पट्टी शाबूत, आत आठ आटे. ज्या नळीतून ते कापलं ती कुठे तरी असणार, तोंडाला चार बारीक भोकं घेऊन, आणि तिच्या मालकाला भोकं कशाची हे माहीतही नसेल. तेव्हापासून मी ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवतो आणि चार भोकांची नळी दिसली की आधी मालकाची परवानगी विचारतो. मागच्या ऑक्टोबरात एका बॅलार्डवर तीन खुंट्या बसल्या. चौथी केसभर बाहेर राहिली.